इझलिंग्टनच्या घराला हात लावण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मराठी जोडपं लंडनमध्ये इझलिंग्टन भागात १८२०च्या सुमाराला बांधलेलं टेरेस घर घेतंय. ओळीतलं शेवटचं घर, दर्शनी रुंदी १७ फूट, तळघर धरून चार मजले, ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे कायद्यानं संरक्षित जुन्या इमारतींच्या यादीतलं. तळघराच्या भिंतींना ओल आहे आणि त्यावर केमिकल इंजेक्शनचा, म्हणजे भिंतीत पाणी अडवणारं रसायन भरण्याचा उपाय सुचवला गेलाय. समोरच्या भिंतीला वरच्या मजल्यापाशी पोट सुटलंय. तळमजल्यावरच्या पुढच्या आणि मागच्या खोलीमधली भिंत पाडून एकच मोठा हॉल करायचा विचार आहे. शिवाय बाजूच्या भिंतीतली एक खिडकी विटांनी बुजवलेली आहे, ती उघडावी का, हेही त्यांनी विचारलंय.

मी पुण्यात आर्किटेक्चर शिकले आणि गेली २२ वर्षं लंडनमध्ये जुन्या घरांच्या दुरुस्तीचंच काम करते. तुमचे चारही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून सुटी उत्तरं देत नाही. हे घर कुणी, कशासाठी आणि कशा पद्धतीनं बांधलं ते आधी सांगते. मी जी बिघडलेली घरं दुरुस्त केली, त्यांतली बरीचशी जुनी झाल्यामुळे बिघडलेली नव्हती. घराची बांधणी न समजता कुणीतरी चांगल्या हेतूनं त्यात काहीतरी केलेलं होतं.

टेरेस म्हणजे इथे गच्ची नव्हे. सामाईक भिंतींनी जोडलेल्या घरांच्या अख्ख्या ओळीला टेरेस म्हणतात. १६६६च्या आगीत लाकडी लंडन जळालं. १६६७च्या कायद्यानं विटांची किंवा दगडाची घरं सक्तीची केली, घरांचे चार प्रकार ठरवले आणि प्रत्येकाच्या भिंतीची जाडी ठरवून दिली. १७०७च्या कायद्यानं दर्शनी भागावरच्या पुढे आलेल्या लाकडी वळचणी बंद केल्या. त्यामुळे छप्पर विटांच्या कठड्यामागे लपलं. १७०९मध्ये खिडक्यांच्या चौकटी भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत घ्यायला लावल्या, आगीची झळ लाकडाला लागू नये म्हणून. १७७४च्या कायद्यानं, वर-खाली सरकणाऱ्या खिडकीची वजनं जिच्यात असतात ती चौकटीची पेटीच विटांच्या आड ढकलली. लंडनच्या त्या साध्या, सपाट, देखण्या विटांच्या दर्शनी भागाकडे लोक निव्वळ अभिरुची म्हणून बघतात. त्यात अभिरुची आहेच, पण प्रत्येक रेषेमागे आगीची भीतीसुद्धा आहे.

१७७४चा तो कायदा तुमच्या घराच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा. सर रॉबर्ट टेलर आणि धाकटा जॉर्ज डान्स या दोघा वास्तुकारांनी त्याचा मसुदा केला. त्यानं घरांचे चार दर्जे पाडले. ८५० पौंडांहून जास्त किमतीचं आणि ९०० चौरस फुटांहून जास्त जागा व्यापणारं घर पहिल्या दर्जाचं. १५० पौंडांच्या आतलं, ३५० चौरस फुटांच्या आतलं चौथ्या. दर्जा ठरला की पाया किती रुंद आणि भिंत कुठल्या मजल्यावर किती जाड, हेही ठरलं. तुमचं घर वर्णनावरून तिसऱ्या दर्जाचं वाटतं. म्हणजे मध्यमवर्गाचं: एखादा कारकून, दुकानदार, वकिलाच्या हाताखाली काम करणारा माणूस यांच्या कुटुंबाचं.

आता हे बांधलं कुणी? जमीन कुठल्या तरी सरदाराची, धर्मादाय संस्थेची नाहीतर एखाद्या व्यापारी संघाची असायची. मालक जमीन विकत नसे, भाडेपट्ट्यानं देई. अठराव्या शतकाच्या अखेरीला ९९ वर्षांचा पट्टा रुळलेला होता. बांधणारा हा बहुतेक वेळा सुतार किंवा गवंडीच असे. पहिलं एखाद-दुसरं वर्ष त्याला नाममात्र भाडं. तेवढ्यात सांगाडा उभा करून, छप्पर घालून घर पुढे विकायचं. हातात रोकड थोडी, म्हणून कारागीर आपसांत श्रमांची अदलाबदल करत: सुतारानं गवंड्याच्या घराचं लाकूडकाम करायचं, गवंड्यानं सुताराच्या घराच्या भिंती. पट्टा संपला की घर जमीनमालकाकडे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे रस्त्यावरून दिसेल ते नीट आणि आतलं जेमतेम, ही त्या काळची रीत. मी हे त्यांना नावं ठेवायला सांगत नाही. इतक्या कमी भांडवलात, इतक्या घाईत उभी राहिलेली घरं दोनशे वर्षांनंतरही लोकांना आसरा देतायत, याचा मला मनापासून आदर वाटतो. पण आतलं जेमतेम आहे हे तुम्हाला माहीत असायलाच हवं.

घर उभं कापल्यासारखं मनात आणा. रस्त्याच्या आणि घराच्या मध्ये एक खोल खड्डा आहे, लोखंडी रेलिंगनं वेढलेला. त्याला इथे ‘एरिया’ म्हणतात. तळघरातल्या स्वयंपाकघराला उजेड आणि हवा त्यातूनच मिळते. एरियाच्या पलीकडे, फुटपाथच्या खाली, कमानीच्या छताच्या कोळशाच्या कोठ्या. फुटपाथवर फूटभर व्यासाचं बिडाचं गोल झाकण दिसतं ना, त्यातून कोळसेवाला पोती थेट खाली ओतायचा आणि घरात काजळी येत नसे. आता गंमतीचा भाग बघा: घराच्या मागे गेलात तर बाग बहुधा रस्त्यापेक्षा खाली, तळघराच्या पातळीच्या जवळपास असते. कारण बांधताना जमीन फारशी खोदतच नसत. थोडं खोदायचं, निघालेली माती पुढे टाकायची आणि रस्ताच उंच करायचा. तुमचं तळघर म्हणजे एका अर्थानं मूळ जमिनीवरचा मजला आहे. ही गोष्ट ओलीच्या प्रश्नात पुन्हा येईल.

वरच्या मजल्यांची रचना प्रत्येक घरात जवळजवळ तीच: पुढे एक खोली, मागे एक खोली, एका कडेला अरुंद वाट आणि मागच्या बाजूला जिना. तळमजल्यावर जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर पाहुण्यांची बैठक, त्याच्या वर झोपायच्या खोल्या. म्हणूनच पहिल्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यांत उंच असतात, बहुधा रुंदीच्या दुपटीच्या आसपास, आणि वर जावं तशा बुटक्या होत जातात. समोर एकही खांब नसला तरी प्रमाणं शास्त्रीय स्तंभाचीच आहेत: खालचा भाग बैठकीसारखा, मधला भाग स्तंभासारखा, वरची विटांची पट्टी आणि कठडा माथ्यासारखा. ही दृष्टी वास्तुकार इनिगो जोन्सनं १६३०च्या दशकात कॉव्हेंट गार्डनला आणली आणि पुढच्या दोनशे वर्षांत ती साध्या सुताराच्याही हातात बसली. श्रीमंती रूप बघायचं असेल तर १७७५ ते १७८३ या काळात उभ्या राहिलेल्या बेडफर्ड स्क्वेअरला जा. तिथल्या दारांवरच्या कमानींतले दाढीवाले चेहरे दगडाचे वाटतात. ते एलिनॉर कोड यांच्या लॅम्बेथच्या कारखान्यातल्या भाजलेल्या मातीचे आहेत.

घरातही हीच उतरंड चालते. पहिल्या मजल्यावर छताची नक्षीदार गोलाई, उंच स्कर्टिंग, संगमरवरी फायरप्लेस. एक मजला चढलात की नक्षी साधी होते, संगमरवराच्या जागी लाकूड येतं. सगळ्यांत वर नुसता गिलावा. जिन्याच्या कठड्याचे दांडेसुद्धा वर गेल्यावर साधे होतात. एखादं घर ‘सुधारताना’ वरच्या खोलीत खालच्यासारखी नक्षी बसवलेली मी पाहते तेव्हा वाईट वाटतं, कारण घराचं व्याकरणच त्यात पुसलं जातं.

या रचनेची पुढची पिढी आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली असेल. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जिथे राहिले ते १० किंग हेन्रीज रोडचं घर व्हिक्टोरियन आहे, पण याच कुळातलं. महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ मध्ये घेतलं. पुढच्या वेळी स्मारक बघायला गेलात की अभिवादन करून झाल्यावर खोल्यांच्या मांडणीकडे आणि जिन्याच्या जागेकडेही जरा लक्ष द्या. हजारो सामान्य लंडनकर ज्या साच्यात राहिले, तोच हा साचा आहे.

आता पोट सुटलेल्या भिंतीकडे येते.

तुमची समोरची भिंत एकसंध नाही. बाहेरून तुम्हाला एक आखूड वीट, एक लांब वीट अशी आळीपाळीची रचना दिसते. तिला फ्लेमिश बाँड म्हणतात. आखूड दिसणारी प्रत्येक वीट भिंतीत आत शिरून मागच्या थराला धरते, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात बाहेरच्या चांगल्या विटा महाग होत्या आणि आतल्या विटा ओबडधोबड, जाड दरजांच्या, म्हणजे विटांमधल्या चुन्याच्या जाड सांध्यांच्या. दोन्हींच्या थरांची उंची जुळत नसे. मग गवंडी चांगली वीट अर्धी तोडायचा आणि ते अर्धुक बाहेर लावायचा. रचना बरोबर दिसायची, एका विटेत दोन जागा भागायच्या, पण आतल्या भिंतीला धरणारं काहीच नाही. थर योगायोगानं जुळले की मधूनच एखादी अख्खी वीट आत जायची. थोडक्यात, साडेचार इंचांचं देखणं कातडं मागच्या भिंतीला टेकून उभं आहे. त्यात भर म्हणजे भिंतीच्या आत आडव्या लाकडी पट्ट्या बसवलेल्या असतात. चुना ओला असताना भिंत सरळ राहावी आणि मजल्यांच्या वाशांना टेकू मिळावा म्हणून त्या घालत. दोनशे वर्षांत त्या कुजतात, दबतात, आणि आतला थर बसतो. बाहेरचा तेवढा बसत नाही. पोट येतं ते यातून.

हे वाचून घाबरू नका. मी तपासलेल्या पोटांपैकी बहुतेक कधीच थांबलेली होती. वरून ओळंबा सोडा, प्रत्येक मजल्यावर अंतर मोजून लिहून ठेवा, भेगांवर मोजपट्ट्या लावा आणि किमान एक वर्ष, म्हणजे एक हिवाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. वर्षाचा आग्रह यासाठी की लंडनची चिकणमाती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते, पाया उथळ आहे, आणि समोर मोठं झाड असेल तर ही हालचाल वाढते. वर्षभरानंतरही भिंत सरकत असेल तर स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिळदार सळ्या दरजांमधून आत घालून दोन्ही थर शिवता येतात आणि वाशांची टोकं भिंतीला पट्ट्यांनी बांधता येतात. कुजलेली लाकडी पट्टी थोडी-थोडी काढून तिथे वीट भरता येते. कुणी एका भेटीत ‘भिंत उतरवून नवी बांधू’ म्हणालं, तर दुसरं मत घ्या. इंजिनियर जुन्या इमारतींचा अनुभव असलेलाच हवा; इथे संवर्धनाचं काम करणाऱ्या इंजिनियरांची स्वतंत्र नोंदवही आहे, तिच्यात नाव बघा.

मधली भिंत पाडायचा विचार मात्र मनातून काढून टाका, असं स्पष्टच सांगते. त्या भिंतीवर टकटक केलीत तर पोकळ आवाज येतो. त्यामुळे ठेकेदार हमखास म्हणतो, ‘नुसतं पार्टिशन आहे.’ पार्टिशन खरंच आहे, पण ते लाकडी कैचीसारखं बांधलेलं आहे. आत उभे खांब, दाराच्या वर आडवी तुळई, आणि तिरपे आधार जे भार दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे वळवतात. अशा घरात मजल्यांचे वासे बहुधा पुढच्या भिंतीपासून या पार्टिशनवर आणि तिथून मागच्या भिंतीवर जातात. म्हणजे प्रत्येक मजल्याचा जवळपास निम्मा भार याच्या डोक्यावर.

त्याच्याही वर छप्पर आहे. लंडनच्या या घरांचं छप्पर बाहेर उतरत नाही, आत उतरतं. दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून दोन उतार मधोमध एका पन्हळीत येतात आणि ही शिशाच्या पत्र्याची पन्हळ पुढून मागे जाते. मागच्या बागेतून वर बघितलंत तर भिंतीचा माथा इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसेल. त्या पन्हळीखालची तुळई मध्यावर कशावर टेकलीय? बहुतेक घरांत याच पार्टिशनच्या सर्वांत वरच्या भागावर. तळमजल्यावर भिंत कापली की धक्का थेट छपरापर्यंत जातो. तुमचे दरवाजे आजच थोडे तिरके असतील आणि जमीन मधल्या भिंतीकडे झुकलेली असेल, तर पूर्वी कुणीतरी दारासाठी एखादा तिरपा आधार कापला असण्याची शक्यता आहे. ते आधी शोधा.

तुम्हाला हवी असलेली मोकळी जागा कदाचित त्या भिंतीतच असेल. या काळातल्या पुष्कळ घरांत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांमध्ये मुळातच रुंद, दुमडणारे दरवाजे असत. पाहुणे आले की उघडायचे. पुढे घराच्या खोल्या वेगवेगळ्या भाडेकरूंना दिल्या तेव्हा ते बुजवले गेले. भिंतीच्या मधोमध चौकटीच्या आकाराची भेग आहे का किंवा गिलाव्याचा पोत वेगळा लागतो का, ते हात फिरवून बघा. मूळ रुंदी सापडली तर ती पुन्हा उघडायला परवानगी मिळणं बरंच सोपं जातं, आणि तिथला भार कसा वळवायचा ते त्या पहिल्या सुतारानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

ओलीबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचंय, कारण पैसे आणि भिंती दोन्ही वाया गेलेले मी इथेच पाहिले आहेत.

लंडनची पिवळी वीट मऊ असते. मातीत दळलेला खडू कालवायचा, म्हणून तो पिवळा रंग. त्यात शहराच्या चुलींमधली चाळलेली राख मिसळायची, त्यामुळे वीट आतूनही भाजली जायची. बांधणी चुन्यात आणि आतला गिलावा चुन्याचा, तोही लाकडी पट्ट्यांवर जनावरांचे केस मिसळून केलेला. आपल्या वाड्यांच्या भिंती ज्यांनी जवळून पाहिल्यात त्यांना हे लगेच कळेल. अशी भिंत पाणी अडवत नाही. ती पावसात थोडं पाणी पिते आणि वारा आला की दरजांमधून सोडून देते. दरज विटेपेक्षा मऊ असल्यानं झीज तिची होते, वीट टिकते, आणि शंभर वर्षांनी दरजा पुन्हा भरल्या की काम भागतं. जमिनीतून वर चढणारं पाणी अडवणारा थर त्या काळी नव्हता. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. पण चुलीत रात्रंदिवस जाळ असे आणि धुराड्यातून सतत हवा खेचली जाई, म्हणून ओल साचत नसे.

मग विसाव्या शतकात सिमेंट आलं. दरजा सिमेंटनं भरल्या, आतून सिमेंटचा गिलावा केला, वर प्लास्टिकचा रंग दिला, फायरप्लेस फळी ठोकून बंद केल्या. पाणी आत येतच राहिलं, पण जायची वाट बंद झाली. सिमेंटची दरज घट्ट राहते आणि वीट थंडीत पापुद्रे टाकत झिजते. जवळ जाऊन बघितलंत तर दरजांची जाळी उंच आणि विटा खोलगट दिसतात. एकदा हे दृश्य ओळखलंत की लंडनभर दिसायला लागेल.

काही वर्षांपूर्वी अशाच एका घराचं काम माझ्याकडे आलं. तळघरात दोनदा केमिकलची इंजेक्शनं देऊन झाली होती, दोन्ही वेळा हमीपत्रासह. तरी भिंतीला गुडघ्याच्या वरपर्यंत लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, आणि खालच्या कपाटात ठेवलेल्या चपलांना बुरशी. मी ओल मोजायचा मीटर बॅगेतच ठेवला आणि आधी बाहेर गेले. मागच्या कोपऱ्यातला बिडाचा पाइप भिंतीला चिकटून उतरत होता. त्याच्या मागच्या बाजूला, जिथे रंगाचा ब्रश पोचत नाही तिथे, हाताला उभी चीर लागली. छोटा आरसा मागे धरून पाहिलं तर विटेवर हिरवं शेवाळ, मनगटाएवढ्या पट्ट्यात, थेट जमिनीपर्यंत. शिवाय बागेत नंतर केलेली फरशी आतल्या जमिनीपेक्षा जवळपास नऊ इंच वर होती आणि तिचा उतार घराकडे. आम्ही पाइप बदलला, फरशी काढून भिंतीलगत खडीचा चर केला, सिमेंटचा गिलावा उतरवला, फायरप्लेसला जाळी बसवून हवा सुरू केली. आणि मग थांबलो. इंचाला एक महिना हा वाळण्याचा ढोबळ हिशेब. साडेतेरा इंची भिंतीला वर्षाहून जास्तच लागलं. त्यानंतर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग. ती भिंत आजही कोरडी आहे.

इलेक्ट्रिक मीटरबद्दल म्हणून सांगते. दोन टोकांचा तो मीटर लाकडातला ओलावा मोजण्यासाठी जुळवलेला असतो. विटेत क्षार असले की वीज सहज वाहते आणि मीटर ‘ओली भिंत’ दाखवतो, भिंत बऱ्यापैकी कोरडी असली तरी. त्या आकड्यावरून इंजेक्शन देणं चुकीचं आहे. तुमच्या घरात जो उपाय सुचवलाय तो करणाऱ्यानंच तपासणी केली होती का, हे विचारा. स्वतंत्र, फी घेऊन सल्ला देणारा आणि विकायला काही नसलेला माणूस तुम्हाला हवा आहे. आरआयसीएस ही सर्व्हेयरांची संस्था संवर्धनाची खास मान्यता देते, ती असलेला शोधा. १८७७ मध्ये कवी आणि डिझायनर विल्यम मॉरिस यांनी स्थापन केलेली, ‘एसपीएबी’ नावानं ओळखली जाणारी जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था घरमालकांना तांत्रिक सल्लाही देते. तिचा उपयोग जरूर करा.

फुटपाथखालच्या कोठ्या ओल्या असणारच. त्यांचं छत म्हणजे रस्ता आहे. तिथे हवा खेळती ठेवा आणि गाद्या, कागद, पुस्तकं ठेवू नका. एवढंच.

खिडक्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा विक्रेता दुहेरी काचेच्या खिडक्या घेऊन येईलच, म्हणून दोन वाक्यं. वर-खाली सरकणाऱ्या त्या खिडक्यांचं लाकूड सावकाश वाढलेल्या बाल्टिक पाइनचं असतं आणि आज मिळणाऱ्या लाकडापेक्षा पुष्कळदा सरस असतं. दोरी बदलणं, वजनं जुळवणं, खालची कुजलेली पट्टी बदलणं एवढ्यात ती पुन्हा पन्नास वर्षं चालते. एखाद्या तावदानात बाहेरचं झाड किंचित थरथरल्यासारखं दिसलं तर ती फुंकून, गरगर फिरवून केलेल्या तबकडीतून कापलेली जुनी काच आहे, तिला जिवापाड जपा आणि थंडीसाठी आतून वेगळी दुसरी काच बसवा.

आता बुजवलेली खिडकी. इथे भेटणारा प्रत्येक जण सांगतो की ती खिडकी-करामुळे बुजवली. हा कर खरा होता, १६९६ ते १८५१, आणि त्यासाठी खिडक्या बुजवल्याही गेल्या. पण ओळीच्या शेवटच्या घरात, बाजूच्या भिंतीत दिसणारी आंधळी खिडकी पुष्कळदा पहिल्या दिवसापासून आंधळीच असते. कारण त्या भिंतीत धुराड्यांच्या नळ्या असतात आणि बाहेरून मोठी कोरी भिंत विद्रूप दिसू नये म्हणून तिथे खिडकीचा नुसता आकार काढलेला असतो.

फरक ओळखायला विटा बघा. भरावाच्या विटा बाजूच्या भिंतीच्या विटांमध्ये दातांसारख्या गुंतलेल्या असतील, थर सरळ पुढे चालू असतील, तर ती मुळातच आंधळी. दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा असेल, विटांचा रंग वेगळा असेल, खालचा दगडी उंबरा पावसानं झिजलेला असेल, तर ती नंतर बुजवली. आत जाऊन त्याच जागी टकटक करा. पोकळ आवाज आला, किंवा गिलाव्याखाली झडपांच्या लाकडी पेट्या लागल्या, तर उघडण्याचा विचार करता येईल. त्या जागेच्या बरोबर खाली फायरप्लेस आणि वर चिमणी असेल, तर तिथे उघडायला काहीच नाही. तो आकार आहे तसा राहू द्या, तोही त्या घराचा भागच आहे.

परवानगीचं समजून घ्या. ग्रेड टू म्हणजे फक्त दर्शनी भाग जपायचा, हा गैरसमज सर्रास आहे. यादीत अख्खं घर येतं: आतला जिना, पार्टिशन, गिलावा, मागची भिंत, बहुधा बागेची भिंतसुद्धा. स्वरूपावर परिणाम करणारं कुठलंही काम नगरपालिकेच्या लेखी संमतीशिवाय केलं तर १९९०च्या कायद्याखाली तो गुन्हा ठरतो. त्यातही एक गोष्ट खरेदीच्या आधी वकिलाला मुद्दाम सांगा. आधीच्या मालकानं परवानगीशिवाय केलेलं काम पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकावर येऊ शकते, आणि तिला मुदतीची मर्यादा नाही. तळघरातलं प्रत्येक नवं बाथरूम, प्रत्येक काढलेली फायरप्लेस, यांची संमतीपत्रं मागा. सामाईक भिंतीला हात लावायचा झाला तर १९९६च्या पार्टी वॉल कायद्यानुसार शेजाऱ्यांना आधी नोटीस द्यावी लागते. नोटीस पाठवण्यापूर्वी स्वतः जाऊन त्यांच्याशी बोला. त्यांच्या घराचं छप्पर आणि धुराडी तुमच्याच भिंतीवर टेकलेली आहेत, त्यांना काळजी वाटणारच.

आणि सौदा पक्का होण्याआधी एकदा भर पावसात घर बघायला जा. एजंटला आवडणार नाही, तरी जा. आधी पोटमाळ्यावर चढा आणि पन्हळीखालच्या तुळईला हात लावा, विशेषतः तिच्या मागच्या टोकाला, जिथून पाणी भिंतीतून बाहेर पाइपात पडतं. तिथे पानं अडकली की पाणी तुंबून आत शिरतं आणि पहिल्यांदा कुजतं ते तेच टोक. मग खाली उतरा, मागच्या बागेत छत्री घेऊन पाच मिनिटं उभे राहा आणि पाइपच्या प्रत्येक सांध्याकडे, भिंतीच्या पायथ्याशी पाणी कुठल्या बाजूला वाहतंय त्याकडे बघा. फोटो काढून पाठवा. पुढचं उत्तर मी ते फोटो बघून देईन.